माझी सुट्टी खराब होऊ नये म्हणून

आमच्याकडे माणूस एकदम मरत नाही. आधी तो 'सिरीयस' होतो. बाहेरगावच्या नातेवाइकांना फोन जातो, "जरा सिरीयस आहेत, निघून या." ज्याला फोन येतो त्याला या वाक्याचा अर्थ पक्का माहीत असतो, तरी तोही "बरं, निघतो" म्हणून गाडीत बसतो आणि घरी पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी नाटक सांभाळलं जातं. लहानपणापासून मी हे इतक्यांदा पाहिलंय की त्यात काही गैर आहे असं मला वाटेनासं झालं होतं. प्रवासात माणसाला धक्का बसू नये, एवढाच हेतू. पण माझे बाबा सिरीयससुद्धा झाले नाहीत. ते गेले, त्यांना अग्नी दिला, त्यांचा दहावा-बारावा उरकला, आणि हे सगळं होत असताना माझ्यापुरते ते 'बरे' होते.

मी तेव्हा टांझानियात होते. घाटकोपरच्या एका शाळेत बरीच वर्षं गणित शिकवल्यावर एका संस्थेतर्फे दोन वर्षांसाठी तिथल्या डोंगरातल्या एका गावी शिकवायला गेले होते. पगार नाही. राहायला खोली आणि जेवणखाण निघेल एवढी रक्कम. नातेवाइकांत याची यथेच्छ टिंगल झाली. बाबांचे धाकटे भाऊ, बोरिवलीचे आमचे काका, सगळ्यांसमोर म्हणाले, "लोक परदेशात कमवायला जातात, आमची बाई फुकट शिकवायला चाललीय." त्यात मी एकुलती एक आणि बिनलग्नाची. आई तर मी निघेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

माझ्या बाजूने दोनच माणसं उभी राहिली. एक बाबा आणि दुसरी आत्या, त्यांची थोरली बहीण. आई नोकरीला जायची तेव्हा शाळा सुटल्यावर मी आत्याच्याच घरी असायचे. माझ्या वेण्या तिने घातल्या, पाढे तिने पाठ करून घेतले, माझ्या तापात उशाशी तीच बसली. मी गणिताची शिक्षिका झाले तेव्हा 'माझ्या पाढ्यांमुळे' असं ती चाळभर सांगत फिरली होती. आई म्हणून मी आईला हाक मारायचे, पण काही सांगायचं असलं की आत्याकडे जायचे. आईला हे ठाऊक होतं आणि ते तिला लागायचंही.

बाबांचा प्रवास म्हणजे मुलुंड ते भांडुप. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उरलेली नोकरी काढली. वर्षातून एकदा मालवण. बाकी जग त्यांनी टीव्हीवर पाहिलं. मी निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इतक्या लांब जातंस तर सगळा बघून ये गो. परत कोण जाता?"

डिसेंबरात तिकडे शाळांना मोठी सुट्टी असते. मी त्या सुट्टीत घरी यावं असं आईच्या मनात होतं. मोडता बाबांनीच घातला. "मुलुंड खय पळान जाता काय? तू तो समुद्र बघून ये आधी," म्हणाले. मग मी झांझिबारला जायचं ठरवलं. आमच्याच शाळेत स्वाहिली शिकवणाऱ्या एका बाईंचं माहेर त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर होतं. हॉटेलात कशाला पैसे घालवतेस, माझ्या आईकडे चल, असं त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी निघालो.

तो प्रवास मला मनापासून आवडला होता. हे आता लिहितानाही जड जातं, पण आवडला होता. पहाटे निघालेली बस दिवसभर चालत होती. मध्येच एक माणूस चढला आणि दोन सीटांमध्ये उभा राहून दातदुखी, पाठदुखी आणि नवऱ्याचं दुसरीकडे लागलेलं मन, या तिन्हींवर एकच औषध विकू लागला. बाईंनी मला त्याचं भाषण शब्दन्‌शब्द समजावून सांगितलं आणि आम्ही दोघी तोंडात रुमाल कोंबून हसलो. दुसऱ्या दिवशी बोट. बोटीत निम्मे लोक ओकत होते. मी मात्र कठड्याला धरून उभी होते आणि मालवणच्या माणसाची पोरगी बोटीत ओकत नाही असं मनाशी म्हणत होते.

बेटावरच्या जुन्या शहरात अरुंद गल्ल्या, कोरीव दरवाजे आणि एका गल्लीत एक म्हातारे गुजराती कापडवाले भेटले. मी मुंबईची म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. मुलुंडची म्हटल्यावर मात्र उठूनच उभे राहिले. "मुलुंड! मारी बेन मुलुंडमां रहे छे!" मग चहा आला, गाठिया आले, बहिणीच्या बिल्डिंगचा पत्ता आला. ती बिल्डिंग आमच्यापासून चार गल्ल्यांवर होती. मी लगेच बाबांना फोटो पाठवला आणि सगळं बोलून सांगितलं.

बाबांना टाइप करण्याचा कंटाळा होता. ते कायम बोलून निरोप पाठवायचे, तेही ओरडून, कारण आफ्रिका लांब आहे. "काय गो चेडवा, जेवलंस काय?" अशी सुरुवात ठरलेली. कापडवाल्यांच्या फोटोवर मात्र त्यांच्या फोनवरून उत्तर आलं ते टाइप केलेलं. "छान." मला थोडं नवल वाटलं. पण बेटावर रेंज येत-जात होती, मीही कशात खोलात शिरण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

बाईंचं गाव पाहिलं आणि मला हसूच आलं. एवढा समुद्र ओलांडून मी कोकणातच येऊन पडले होते. नारळ, केळी, फणस, नीरफणस. रस्त्याकडेला चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या, त्यांचा वास अख्ख्या गावाला. ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात वाकून समुद्रातलं शेवाळ लावायच्या, दोरीला बांधून, भाताची लावणी करावी तसं. बाईंच्या आईने मला नारळ खवायला बसवलं तेव्हा पुढ्यात आला तो थेट आमचा आडाळो. तेच बसायचं लाकूड, टोकाला तेच दातेरी पातं. मी खवायला लागले तशा आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या, कारण पाहुणी बाई पहिल्या झटक्यात नीट खवते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी माझा फोटो काढला. त्यात मी आडाळ्यावर बसून, डोक्याला त्यांचं रंगीत कापड बांधून, दात दाखवत हसतेय. मी तो बाबांना पाठवला, फॅमिली ग्रुपवर टाकला, स्टेटसलाही ठेवला. बाबांच्या फोनवरून अंगठा आला. ग्रुपवर काकांनी हात जोडले. त्यातही मला काही दिसलं नाही.

एकदा रेंज बरी होती तेव्हा मी आईला फोन लावला आणि बाबांना दे म्हटलं. आई म्हणाली, "त्यांचा घसा बसलाय. बोलताच येत नाही."

"मग हळदीचं दूध दे ना रात्री."

"हो, देते."

हे संभाषण माझ्या डोक्यातून जात नाही. बाबांना जाऊन तेव्हा आठवडा उलटला होता.

सुट्टी संपवून मी डोंगरातल्या माझ्या खोलीवर परतले. बॅग टाकली आणि पोचल्याचं कळवायला आईला फोन केला. तिने विचारलं, नीट पोचलीस ना? बरोबर कोणी आहे का? जेवलीस का? मी नाही म्हटल्यावर म्हणाली, आधी जेवून घे, मग फोन कर. मी भात टाकला, दोन अंडी फोडली, निवांत जेवले, भांडी घासली आणि फोन केला. तेव्हा तिने सांगितलं. दुपारी त्यांनी चहा मागितला, ती कप घेऊन आली तेव्हा ते खुर्चीत मान टाकून बसलेले होते. तू बोटीने गेलीस ना, त्याच दिवशी, असंही म्हणाली. म्हणजे त्या कापडवाल्यांचं सगळं कौतुक मी बाबांना ऐकवलं तेव्हा ऐकायला ते नव्हतेच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझी सुट्टी खराब झाली असती. इतक्या वर्षांनी कुठे फिरायला गेली होतीस. आणि सांगून काय केलं असतंस? तुझ्यासाठी थांबवून ठेवणार होतो का?"

मी तिला वाटेल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली की तिकडे तुझं कोणी नाही, जपून राहा. तिने फोन ठेवल्यावर मी एकेक फोटो काढून बघत बसले. प्रत्येक फोटोखाली 'मस्त', 'झकास', 'एन्जॉय' लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यांत काकांच्या घरची माणसंही होती, आणि ती त्या वेळी आमच्या घरात सुतकाची बसलेली होती.

शाळेतल्या बायकांना कळलं तशा त्या सगळ्या आल्या, खोलीत चटया अंथरून बसल्या. "पोले, पोले साना" म्हणाल्या, म्हणजे तुझ्या दुःखात आम्ही आहोत. मग एकीने विचारलं, केव्हा गेले? माझ्या माणसांनी मला हे कळवलंच नाही, हे त्यांना सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, काल.

मुख्याध्यापकांनी रजा दिली आणि मी मुंबईला आले. आई विमानतळावर आली नाही. काकांचा मुलगा आला होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मोठ्या बाबांच्या फोनवरून रिप्लाय मीच करत होतो गं. तुला डाऊट येऊ नये म्हणून. फुल टेन्शन आलं होतं यार, तू कॉल केलास तर काय करायचं?" मी त्याला शाबासकी द्यावी अशी त्याची अपेक्षा होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्याने एफएम लावला.

मुलुंडला आमच्या मजल्यावर समोरच्या काकू दारातच उभ्या होत्या. मला त्यांनी लहानाची मोठी होताना पाहिलंय. मी नमस्काराला वाकले तर पाय मागे घेतले. "आलीस का? मिळालं म्हणायचं तिकीट," म्हणाल्या. "फोटो बघितले हो तुझे. समुद्र छान आहे तिकडचा." आणि दार लावून घेतलं.

मला काही कळेना. दोन दिवसांत कळलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आईच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचा. शेवटी काकींनीच पोटातलं ओठावर आणलं. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा कावळा शिवेना. झाडावर पाच-पंचवीस बसलेले, एक खाली उतरेना. सगळे म्हणाले, जीव पोरीत अडकलाय, आणि पोरगी तिकडे नारळ खवत बसलीय. मग काकांनी हात जोडून सांगितलं, "दादा, काळजी करू नको, तिचं लग्न मी या वर्षात लावून देतो." तेव्हा कुठे कावळा आला.

म्हणजे कावळ्यालाही माझ्या लग्नाचीच काळजी होती. त्याला कोणीतरी खरं सांगून बघायला हवं होतं की पोरीला आम्ही कळवलेलंच नाही. पण खरं सांगायचं त्या घरात कोणाच्या डोक्यातच नव्हतं. काकींच्या बोलण्यातून बाकीचं उलगडलं. बाबांना न्यायच्या वेळी लोक विचारत होते, मुलीला कळवलं का? काकांनी ठोकून दिलं, "कळवलंय, तिला तिकीट मिळत नाही. आधीच खचलीय, कोणी फोन-मेसेज करू नका." आईने मान हलवली. आणि दोन दिवसांनी माझा आडाळ्यावरचा हसरा फोटो सगळ्यांच्या फोनवर झळकला.

त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आई बाबांचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होती. मी विचारलं, लोकांना असं का सांगितलंस? ती आधी म्हणाली, काका बोलून गेले. मग नंतर तरी तू खरं सांगायचंस, मी म्हटलं. तिने घडी घातलेला शर्ट पुन्हा झटकला, पुन्हा घातला.

"काय सांगायचं होतं? बाप मेला तरी पोरीला कळवलं नाही म्हणून? मला उभी खाल्ली असती सगळ्यांनी. आणि त्या तुझ्या आत्याने तर पहिली."

"आणि मला खाल्लं ते चाललं?"

"तू जाणार परत," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "तुला काय फरक पडतो? मला इथे राहायचंय. एकटीला. उद्या पडले-झडले तर हीच माणसं दार उघडून आत येणार आहेत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं. तिने शांतपणे हिशेब करून आमच्या दोघींतली एक वाचवली होती. वाचवलेली ती होती. मला ओरडायचं होतं, पण समोर नुकतीच नवरा गेलेली, कपाळ मोकळं झालेली बाई बसली होती आणि तिच्या हातात माझ्या बाबांचा शर्ट होता. मी उठून बाल्कनीत गेले.

एक गोष्ट मात्र मी तिथेच ठरवली. बाकी जग गेलं खड्ड्यात, आत्याला खरं कळलं पाहिजे. आत्या अजून आली नव्हती. गुडघ्यांमुळे तिला घाटकोपरहून एकटीला येता येत नव्हतं आणि माझा फोन ती उचलत नव्हती.

ती रविवारी आली, काकांच्या गाडीतून. काका-काकी, त्यांचा मुलगा, समोरच्या काकू, सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. आत्या खुर्चीवर बसली नाही. काठी टेकत थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खूप वाळली होती.

"माका एकच सांग," ती म्हणाली. "हे सगळे सांगतत तुका त्याच दिवशी कळवलेला. माझो इश्वास बसणा नाय. तू असा करूचंस नाय. तू सांग, तुका कळवलेला काय नाय?"

काका पंख्याकडे बघायला लागले. मी आईकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेला बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

'नाही' एवढाच शब्द मला उच्चारायचा होता. आत्याने तो माझ्या तोंडात जवळजवळ घालूनच ठेवला होता. मग मुलुंडपासून मालवणपर्यंत सगळ्यांना आत्यानेच खरं सांगितलं असतं आणि आईला या घरात जगणं मुश्कील झालं असतं.

"हो आत्या," मी म्हणाले. "कळवलं होतं."

याला कोणी माझा मोठेपणा म्हणू नये. मी आईसाठी त्याग वगैरे केला नाही. मी खोटं बोलले ते आईला जागा करून द्यायला. मला खात्री होती की आता ती बोलेल. एवढ्या माणसांत, आत्यासमोर, पोरीने सगळं आपल्या अंगावर घेतलंय हे बघून तिला राहवणार नाही. 'नाही हो वन्सं, मीच कळवलं नव्हतं,' एवढंच वाक्य. मी त्या वाक्याची वाट बघत उभी राहिले.

आत्या माझ्याकडे पाहत होती. मग तिने मान वळवली. काठी टेकत ती आईजवळ गेली, पलंगावर बसली आणि आईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"पोरगी असान नसल्यासारखीच गो बाय तुका," म्हणाली.

आईचा बांध फुटला. इतके दिवस तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. आत्या तिला थोपटत होती, तिच्या वेणीवरून हात फिरवत होती. मी थांबले. मला वाटलं, रडणं ओसरलं की सांगेल. रडता रडता बोलवत नसेल. तिचे हुंदके हळूहळू कमी झाले, श्वास लागी लागला. तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत्याला म्हणाली,

"वन्सं, चहा घेऊन जा."

चहा मी केला. आत्याने घेतला नाही.